ऱ्होन खोऱ्यातील रेड वाइन : मिरीचा गंध एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही; मग गुण कसे द्यावेत?

घोडबंदरकर (ठाणे) यांचा प्रश्न

आमच्या गृहसंकुलातील काही शेजारी अधूनमधून एकत्र जमून वाइनची चव घेतो. मागील बैठकीसाठी आम्ही फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यातल्या चार रेड वाइन निवडल्या होत्या : उत्तर भागातील क्रोझ-एर्मिताज आणि सँ-जोसेफ, तर दक्षिण भागातील झिगोंदास आणि शातोनफ-द्यु-पाप. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर केवळ क्रमांक घातले होते आणि प्रत्येकाने शंभरपैकी गुण द्यावेत असे ठरले होते.

निकाल पाहून मात्र आम्ही गोंधळलो. क्रोझ-एर्मिताजला एका सदस्याने ९२ गुण दिले, तर त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी ७४. ज्यांनी भरघोस गुण दिले त्यांच्या शेऱ्यांत 'काळी मिरी' हा उल्लेख हमखास होता. त्या बाईंना मात्र मिरीचा मागमूसही लागला नाही आणि त्यांच्या मते ती वाइन पातळ व आंबट होती. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढल्यावर पहिला क्रमांक शातोनफला मिळाला, परंतु कोणाच्याही स्वतःच्या यादीत ती पहिली नव्हती. दक्षिणेकडच्या दोन्ही वाइनमधील अल्कोहोल नाकाला झोंबत असल्याची तक्रारही बहुतेकांनी केली.

मिरीच्या बाबतीत कोणाचे म्हणणे बरोबर मानावे आणि अशा वेळी सरासरीला काही अर्थ उरतो का, हे जाणकारांनी सांगावे. पुढील वेळी याच रांगेत नाशिकची एक शिराझ ठेवावी, असा एका सदस्याचा आग्रह आहे. त्यावरही मत हवे आहे.

नेरूळचा रसायनवाला यांचे उत्तर

आपले सदस्य आणि त्या बाई, दोघेही खरे सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. क्रोझ-एर्मिताज ज्या सिराह द्राक्षाची बनते, त्या द्राक्षाच्या वाइनमध्ये येणारा मिरीचा गंध रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. हे संयुग द्राक्षाच्या सालीत असते आणि काळ्या मिरीच्या गंधातही त्याचाच वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली शिराझमधील (हे सिराहचेच दुसरे नाव) या गंधाचा उलगडा केला. रेड वाइनमध्ये एका लिटरला अवघे १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असले तरी ते नाकाला कळू शकते. त्याच अभ्यासात असेही आढळले, की चाचणीतील सुमारे वीस टक्के लोकांना पाण्यात लिटरमागे ४,००० नॅनोग्रॅम रोटंडोन मिसळूनही त्याचा गंध आला नाही. म्हणजे पाचांतील एका माणसासाठी हा गंध जणू अस्तित्वातच नसतो.

त्या बाई कदाचित म्हणतील, की स्वयंपाकघरात मिरी कुटताना मला वास चांगला येतो. तो येणारच, कारण मिरीत इतरही अनेक सुगंधी द्रव्ये असतात आणि ती त्यांना जाणवत असणार. वाइनमध्ये मात्र त्या द्रव्यांचा आधार नसतो.

याचा गुणांशी संबंध असा, की मिरी हे सिराहचे ओळखचिन्ह आहे, तिच्या दर्जाचे माप नव्हे. थंड जागी आणि थंड वर्षांत रोटंडोन अधिक बनते. त्यामुळे पुरेशी न पिकलेली, किरकोळ सिराहसुद्धा मिरीने घमघमू शकते आणि उत्तम पिकलेल्या एर्मिताजमध्ये (क्रोझच्या शेजारची, सिराहचीच वाइन) मिरी जेमतेम जाणवू शकते. ज्यांनी मिरी सापडल्याच्या आनंदात ९२ गुण दिले, त्यांनी तुरटपणा किती बारीक पोताचा होता आणि घोट गिळल्यानंतर चव किती वेळ टिकली, हे शेऱ्यात लिहिले होते का, ते कृपया तपासून पाहावे.

बाईंचा 'पातळ व आंबट' हा शेरा मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. क्रोझ-एर्मिताज तुलनेने हलकी आणि तरतरीत आम्लाची असते, त्यामुळे शातोनफसारख्या भरदार वाइननंतर लगेच प्यायली तर ती कोणालाही पातळ वाटेल. आपण क्रम कसा ठरवला होता?

घोडबंदरकर

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला होता, आणि क्रोझ-एर्मिताज खरोखरच शातोनफच्या पाठोपाठ आली होती. तुरटपणाबद्दल चौघांनीच काही लिहिले आहे. त्या चौघांत त्या बाईही आहेत.

पाचपाखाडीचे वाचक यांचे उत्तर

क्रमाचा प्रश्न चिठ्ठ्यांनी सुटत नाही, कारण चिठ्ठीत निघालेला एकच क्रम सर्वांच्या वाट्याला येतो आणि त्यातील अन्याय सर्वांच्या कागदांवर सारखाच उमटतो. त्याऐवजी चारही पेले प्रत्येकासमोर एकदमच ठेवावेत, प्रत्येकाने वेगळ्या पेल्यापासून सुरुवात करावी आणि उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे यावे. टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य, लाळेतील प्रथिनांना बांधते म्हणून तोंड कोरडे पडते, आणि हा कोरडेपणा घोटागणिक साचत जातो. मधे पाणी आणि साधा पाव घ्यावा. चीज आणि शेवफरसाण शेवटी. पिकदाणी ठेवण्याचा संकोच बाळगू नये, कारण थुंकल्याशिवाय चौथ्या पेल्याचा न्याय होत नाही.

आता गुणांविषयी. शंभरपैकी गुण देण्यात जी अचूकता दिसते ती माणसाच्या जिभेत नसते. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन त्यांच्या नकळत तीनदा दिली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा त्या वाइनला एकाच पदकाच्या पातळीत ठेवले. जे काम व्यावसायिकांना जमत नाही ते आपल्याला जमावे, अशी अपेक्षा करणे कठोर ठरेल. तरीही हा प्रयोग आपल्या बैठकीत जरूर करावा : पाच पेले ठेवावेत आणि त्यांपैकी दोनांत एकच वाइन असावी. ज्याच्या कागदावर त्या दोन पेल्यांत दहा गुणांचे अंतर पडेल, त्याने इतर वाइनमधील पाच गुणांच्या फरकावर वाद घालू नये.

सरासरी मी काढणार नाही. तीव्र आवड आणि तीव्र नावड यांची सरासरी काढली की कोणालाही न खुपणारी वाइन पुढे येते. आपल्याकडे नेमके तेच घडले. प्रत्येकाकडून केवळ क्रम मागावा आणि एखाद्या वाइनविषयी टोकाचे मतभेद असतील तर तेच निकालात नोंदवावे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. उत्तर आणि दक्षिण ऱ्होन यांना एका मापाने मोजणे मुळातच चुकीचे आहे. उत्तरेत व्हिएन ते व्हालाँस या पट्ट्यातील उभ्या उतारांवर, बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटच्या जमिनीत, लाल द्राक्ष एकच लावतात आणि ते म्हणजे सिराह. त्या पट्ट्यातील कोर्नास या भागाच्या वाइनमध्ये तर दुसरे काही मिसळण्याची परवानगीच नाही. तिथल्याच कोत-रोती या भागात मात्र व्हियोनिए हे पांढरे द्राक्ष वीस टक्क्यांपर्यंत चालते, जरी बहुतेक जण त्याहून पुष्कळ कमी घालतात. दक्षिणेत मुख्य भिस्त ग्रेनाशवर असते आणि तिच्या जोडीला सिराह व मूर्वेद्र येतात. ग्रेनाशची साल पातळ असते आणि तिच्यात साखर भरपूर चढते, म्हणून रंग फिका असूनही अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. उत्तरेच्या वाइनमध्ये मी आम्लाची धार आणि टॅनिनचा पोत पाहतो. दक्षिणेच्या वाइनमध्ये एवढ्या अल्कोहोलला पेलणारे फळ आहे की नुसता मुरंबा झाला आहे, हे पाहतो.

निफाडहून वाशीला आलेला यांचे उत्तर

अल्कोहोल झोंबल्याची जी तक्रार आहे, तिचे खापर केवळ ग्रेनाशवर फोडू नये. ठाण्यातील घरात पंखा लावूनही तापमान अठ्ठावीस-तीस अंशांच्या घरात असते आणि त्या तापमानाला कोणतीही रेड वाइन आधी स्पिरिटचा वास देते, मग फळाचा. या वाइन सोळा-सतरा अंशांना द्याव्यात. वातानुकूलित खोली असली तरीही बाटल्या तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि पेल्यात एका वेळी पन्नास मिलिलिटरच ओतावे, म्हणजे वाइन तापायच्या आत तिचा निकाल लागतो आणि एका बाटलीत पंधरा जणांचे भागते. फार थंडही करू नये, कारण मग टॅनिन कडवट लागते. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती, फोडणी आणि मोगऱ्याचा गजरा यांपैकी काहीही नसावे.

नाशिकच्या शिराझविषयी माझे मत अनुकूल आहे, पण एका अटीवर. शिराझ आणि सिराह हे एकच द्राक्ष असले तरी दोन्हीकडचे ऋतुचक्र निराळे आहे. ऱ्होनमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि फळ बहुधा सप्टेंबरमध्ये, रात्री गार होऊ लागताना, काढणीला येते. आमच्याकडे वेलाला तशी झोप मिळत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, पावसाळा सरता सरता फळछाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे दिवस तापू लागताना, चालते. म्हणून नाशिकच्या शिराझमध्ये मला मिरीपेक्षा पिकलेल्या जांभळाचा आणि पिंपाच्या ओक लाकडाचा भाग अधिक जाणवतो. तिला क्रोझ-एर्मिताज आणि सँ-जोसेफ यांच्या रांगेत ठेवावे, शातोनफच्या नव्हे. आणि ती कोणत्या पेल्यात आहे हे यजमानालाही ठाऊक नसावे. आपल्याकडे देशी बाटली ओळखू आली की काही जण उगाच दहा गुण कापतात आणि काही अभिमानाने दहा वाढवतात.

पाचपाखाडीच्या वाचकांशी माझा एक मतभेद आहे. सर्व पेले एकदम भरून ठेवले तर उन्हाळ्यात शेवटचा पेला कोमट झालेला असतो. दोन-दोनच्या जोड्या कराव्यात.

पाचपाखाडीचे वाचक

ही सूचना मान्य आहे. मग उत्तरेची जोडी आधी, दक्षिणेची नंतर आणि दुबार ठेवलेली वाइन दोन वेगवेगळ्या जोड्यांत न विभागता उत्तरेच्याच गटात, असे करावे लागेल.

नेरूळचा रसायनवाला

तसे असल्यास एक गोष्ट आधीच पाहून ठेवा. उत्तरेची सिराह बूच काढल्यावर कधी कधी जळक्या काडीचा किंवा रबराचा वास देते. तो बहुधा हवेच्या अभावामुळे असतो आणि वाइन अर्धा-पाऊण तास भांड्यात ओतून ठेवल्यास पुष्कळदा निघून जातो. म्हणून दोन्ही बाटल्या सारख्याच वेळ उघड्या ठेवाव्यात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र तो बुचाचा दोष समजावा. हवा लागून तो जात नाही, उलट वाढतोच. त्या बाटलीला गुण न देता ती बाजूला काढावी.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. पुढील बैठकीत क्रोझ-एर्मिताज दोन पेल्यांत, सँ-जोसेफ आणि नाशिकची शिराझ असे उत्तरेचे चार पेले दोन-दोनच्या जोड्यांनी ठेवतो, आणि गुणांऐवजी क्रम मागतो. दक्षिणेसाठी स्वतंत्र दिवस ठरवू. बाटल्या गुंडाळण्याचे काम वाइन न पिणाऱ्या एका शेजाऱ्यांनी स्वीकारले आहे. मिरीचा गंध न येणाऱ्या बाईंनी तुरटपणाच्या नोंदी ठेवण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आहे.