जंगलातला रस्ता खड्ड्यांवरून नाही, पाण्यावरून तपासा

सड्यावरचा:
काल रात्री "जीपवाला राजारामपुरी" यांनी लिहिलं की दाजीपूर अभयारण्याच्या आतला रस्ता भंगार झालाय, त्यांच्या गाडीचं ऑइल चेंबर दगडाला लागून फुटलं, तेव्हा वनखात्यानं ठक्याच्या वाड्यापर्यंत सरळ डांबर टाकावं. खाली बऱ्याच जणांनी "शंभर टक्के बरोबर" लिहिलं. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दादा, तुम्ही रस्ता एप्रिलमध्ये बघितला. एप्रिलमध्ये दिसतो तो फक्त खड्डा. तो खड्डा झाला कसा, हे जुलैतच दिसतं. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपला राधानगरी-दाजीपूरचा पट्टा त्याच डोंगररांगेत आहे, आणि हा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो. पाणी दोन्ही कडांना उतरावं म्हणून रस्त्याच्या मध्ये ठेवलेला फुगवटा गेला, की कच्च्या रस्त्यावर हे पाणी चाकोरीत शिरतं आणि उतार मिळाला की चाकोरीचीच घळ करतं. मुरूम वाहून गेला की खालचे जांभ्याचे दगड उघडे पडतात. तुमचं चेंबर लागलं ते त्या दगडांना.

म्हणून रस्ता तपासायचा असेल तर चालत जा आणि पाणी कुठून येतंय, कुठं जातंय ते बघा. डोंगराकडच्या बाजूचं गटार उघडं आहे की पाल्यानं बुजलंय? रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणाऱ्या मोरीच्या वरच्या तोंडाशी काटक्या अडकल्यात का? खालच्या तोंडाशी पाणी पडून खड्डा झालाय का आणि तो रस्त्याकडं सरकतोय का? दरीकडच्या काठावर कोयत्याच्या आकाराची भेग दिसते का, काठावरची झाडं खाली कललीत का? ती भेग सगळ्यात धोक्याची. तिथं भराव सुटायला लागलेला असतो, आणि वरून रस्ता मात्र गुळगुळीत दिसतो. मग ओढ्यात उतरून बघा, लाल गाळ बसलाय का. बसला असेल तर तुमचा रस्ता तिथं जाऊन पडलाय.

डांबराचं म्हणाल तर जुलै 2021 मध्ये पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला. तो डांबरीच होता. आणि अभयारण्यात डांबर झालं की गाड्यांचा वेग वाढतो. तिथं संध्याकाळी गव्यांचा कळप रस्त्यावर उभा असतो. रुंदीसाठी कडेची झाडं तोडली की ऊन आत येतं आणि दोन्ही बाजूंनी रानमोडीचं तण माजतं, त्याला गवा तोंडही लावत नाही.

जीपवाला राजारामपुरी:
एवढं लिहिलंत, पण माझ्या मुद्द्याला हात लावला नाही. आम्ही प्रवेश फी भरतो, गाडीची फी वेगळी भरतो, गाईडचे पैसे भरतो. तो पैसा रस्त्यावर दिसत नाही. आणि माझं सोडा, दाजीपूरची जी पोरं सफारीच्या गाड्या चालवून पोट भरतात त्यांना विचारा. गाडीचे पाटे तुटतात, टायर फाटतात, हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते. त्यांना तुम्ही जुलैत येऊन पाणी बघा म्हणून सांगणार? जुलैत अभयारण्य बंद असतं, हे तरी माहीत आहे का?

गगनबावड्याहून कोकणात उतरणारा करूळ घाट जानेवारी 2024 पासून बंद ठेवून काँक्रीट केलाच की नाही? तिथं पाऊस कमी पडतो का? मनात असलं की सगळं होतं.

मोरीवाले काका:
मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. करूळ हा राष्ट्रीय महामार्ग आहे, रात्रंदिवस ट्रक चालतात. त्याची तुलना हंगामात मोजक्या जीपा जाणाऱ्या वाटेशी करू नका. खर्चाचा आणि वाहनांचा मेळ बसला पाहिजे.

अमेरिकेच्या वनखात्यात प्रत्येक रस्त्याला देखभालीची पातळी ठरवून दिलेली असते, 1 ते 5. पहिली म्हणजे वाहनांना बंद ठेवलेला रस्ता, दुसरी म्हणजे उंच गाडीच जाईल असा, तिसरीपासून पुढं साधी मोटार जाईल असा. आधी रस्ता कशासाठी आहे ते ठरतं, मग तो "चांगला" की "वाईट" ते बोलायचं. आपल्याकडं गस्तीची वाट, सफारीची वाट, वाडीची वाट आणि जाळरेषेला (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याला) जोडणारी वाट सगळ्यांना एकच अंदाजपत्रक: मुरूम टाकणे, दबाई करणे, इतके किलोमीटर. पाहणी म्हणजे जीपमध्ये बसून काढलेला फेरफटका. मोऱ्यांची नोंदवहीच नसते. किती मीटरवर कोणती मोरी, पाईप केवढा, तोंडं कशी आहेत, फोटो, तारीख, एवढं जरी ठेवलं तरी पुढच्या वर्षी काय बिघडलं ते कळतं.

पण सड्यावरचे साहेब, तुमचंही सगळं मान्य नाही. तीव्र चढाच्या वळणावर मुरूम टिकत नाही, चाक फिरलं की उडतो. तिथं दगडी सोलिंग, म्हणजे बसवलेल्या दगडांचा थर, किंवा चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या लागतातच. बाकी लांबीत ठरावीक अंतरानं रस्त्याला तिरके उंचवटे काढून पाणी दरीकडं सोडायचं. उतार जितका जास्त तितके ते जवळजवळ.

आणि खरा शत्रू सांगू? जेसीबी. ऑक्टोबरात गटार साफ करायला म्हणून येतो आणि डोंगराचा पायथाच खरवडतो. पुढच्या पावसात वरची माती आधार सुटल्यामुळं खाली येते, गटार परत बुजतं, परत जेसीबी. काढलेली माती दरीकडच्या काठावर ढकलतात, तीच मोरीचं खालचं तोंड बंद करते. खोऱ्या-घमेल्यानं हे कधीच होत नव्हतं.

वाडीवरची आशा:
मी भुदरगड तालुक्यात आशा सेविका म्हणून काम करते. तुमच्या पातळ्या, उंचवटे सगळं वाचलं. आमच्या धनगरवाड्याची पातळी कुठली ते सांगा.

मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला घोंगडीची झोळी करून चौघांनी खाली आणली. मी छत्री धरून पुढं, मागं तिची सासू. वाटेवर ओढा, त्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, नाही. रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्यावर थांबलेली, चालक फोनवर सारखा विचारतोय किती वेळ, किती वेळ. बाळ-बाळंतीण वाचली, पण तिच्या नवऱ्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. तेव्हा ओढ्यात लाल गाळ किती बसला हे बघायला कुणाला सवड नव्हती.

रस्ता मागितला की "जंगल आहे, परवानगी मिळत नाही" म्हणतात. मिळते. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). ग्रामसभेची शिफारस, एका कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर होतं. 3 मीटर रुंदीचा रस्ता धरला तर तेवढ्यात 3 किलोमीटर बसतात. आमच्या वाडीला तेवढेच पाहिजेत. कागद कुठं अडलाय ते मात्र कुणी सांगत नाही.

निवृत्त वनपाल:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण वनखात्याला शिव्या देणाऱ्या सगळ्यांना सांगतो. रस्ता दुरुस्तीचा पैसा बरेचदा वर्ष संपताना येतो आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकावा लागतो. मुरूम पडतो मार्चमध्ये. कोरड्या मातीवर पाणी न मारता रोलर फिरवला तर दबाई होत नाही, आणि मार्चमध्ये डोंगरावर पाणी आणायचं कुठून? जूनच्या पहिल्या पावसात तो मुरूम ओढ्यात. पाहणी पावसात केली तरी अंदाजपत्रक वेळेत मंजूर व्हायला नको का? शिवाय उन्हाळ्यात आमची माणसं वणव्याच्या मागं पळत असतात. त्या दिवसात रस्ता चालता असणं म्हणजे आग एका कड्यावर थांबणं की दुसऱ्या खोऱ्यात उतरणं, एवढा फरक.

आणि काका, जेसीबीवर राग काढू नका. मजूर मिळत नाहीत. वाडीतली पोरं शिरोलीला, गोकुळ शिरगावला कारखान्यात जातात. उरलेले म्हातारे. खोरं धरणार कोण?

पोकलेनवाला पाटील:
काका, तोंड सांभाळून बोला. जेसीबी शत्रू? 2021 च्या जुलैत दरडी पडल्या तेव्हा रस्ते मोकळे कुणी केले? आम्ही. वरनं दगड येत हुते, आमचा ऑपरेटर रात्रभर केबिनमध्ये बसून हुता. तवा कुणी आलं न्हाई खोरं-घमेलं घेऊन.

मशीन हाय म्हणून माती खरवडली जात न्हाई. साहेब गाडीतनं उतरत न्हाईत, वरनं सांगत्यात "इथनं तिथपर्यंत साफ कर". किती खोल, माती कुठं टाकायची, खुणा कुठं हाईत? कायबी न्हाई. तासावर भाडं. हळू काम केलं तर म्हणत्यात तास वाढवतोय, जोरात केलं तर डोंगर खरवडला. बँकेचा हप्ता काय साहेब भरणार हाईत? गेल्या साली एका ठेकेदारानं माझं बिल वर्षभर लटकवलं.

मोरीवाले काका:
तोंड सांभाळूनच बोलतोय, पाटील. दरड काढायला मशीन पाहिजे, त्यात वाद नाही. मी गटाराबद्दल बोललो. गटाराचा तळ आणि डोंगराचा पायथा यात हातभर अंतर सोडायचं असतं, ते बकेटनं सुटत नाही. वर उगवलेलं गवत आणि मुळं माती धरून ठेवतात, ती तुम्ही मुळासकट उपटता.

पोकलेनवाला पाटील:
बारकी बकेट बसवता येती. मागितली कुणी कधी? निविदेत लिहा, "गटारासाठी अरुंद बकेट, माती ट्रॅक्टरनं अमुक ठिकाणी न्हेऊन टाकायची". आम्ही करतो. ट्रॅक्टरचं भाडं धरायचं न्हाई आन् माती दरीत टाकली म्हणून बोंबलायचं.

वाडीवरची आशा:
मजूर मिळत नाहीत हे वनपाल काकांचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या वाड्यातल्या बायका कामाला तयार आहेत. रोजगार हमी महाराष्ट्रानंच देशाला दिली, 1977 चा कायदा आहे. पण मजुरी महिनोन्महिने येत नाही. मग पोरगा शिरोलीला जाणार नाही तर काय करणार? गटार काढणं, मोरीतला पाला ओढणं, हे पावसाळ्यात आठवड्याला दोन बायकांचं काम आहे. वाटेवरून रोज आम्हीच जातो. मोरी तुंबली की सगळ्यात आधी आम्हाला कळतं. वाडीतल्या माणसालाच त्या वाटेची जबाबदारी आणि वेळेवर पैसे द्या, मग बघा किती मुरूम वाहून जातो.

निवृत्त वनपाल:
वेळेवर पैसे देणं माझ्या हातात कधीच नव्हतं, ताई. माझ्या काळात वनमजूर पावसात फेरी मारायचे, खांद्यावर कुदळ असायचीच. मोरी तुंबली दिसली की तिथल्या तिथं मोकळी. ती पदं रिकामी झाली, भरली नाहीत. माणसं मिळत नाहीत म्हणालो ते ठेकेदाराच्या कामाबद्दल. वाडीतल्या बायकांना नेमायला माझी हरकत असण्याचं कारणच नाही.

जीपवाला राजारामपुरी:
विषय माझ्या पोस्टचा होता, तो जेसीबीवर गेला. ठीक आहे. सगळीकडं डांबर नको हे काकांच्या सांगण्यावरून मान्य करतो, सड्यावरच्यांच्या नाही. पण त्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या तीव्र चढावर झाल्याच पाहिजेत. आणि फीचा हिशोब प्रवेशद्वारावर लावा. किती जमले, त्यातले रस्त्यावर किती गेले, कुठल्या मोरीवर गेले. तो बोर्ड लागेपर्यंत मी हा विषय सोडणार नाही.

सड्यावरचा:
चढावरच्या पट्ट्यांना माझा विरोध नव्हता, मी त्यावर लिहिलंच नव्हतं. हिशोबाच्या बोर्डाला पाठिंबा. गाडीच्या रुंदीपेक्षा एक इंचही जास्त नको आणि कडेचं एकही झाड नको, एवढं मात्र धरून ठेवणार.

आशाताई, तुमच्या वाडीच्या रस्त्याला विरोध करणारा मी नाही. पण तो रस्ता झाला आणि मोरीशिवाय झाला तर दोन पावसाळ्यांत परत झोळी. ओढ्यावर फरशी टाकतानाच तिच्या खालच्या अंगाला दगडी पिचिंग (दगड बसवून केलेलं अस्तर) मागा, नाहीतर पाणी फरशीच्या पायात शिरून ती उलटते. ग्रामसभेच्या ठरावात "रस्ता" एवढंच लिहू नका. मोऱ्या, फरशी आणि दरवर्षीची गटारसफाई त्यातच लिहून घ्या.

वाडीवरची आशा:
ठरावात लिहीन. पण ठराव आधीच एकदा गेलाय, रस्ता एवढाच शब्द घालून. आता बदलला तर परत पहिल्यापासून फाईल सुरू होईल, असं तालुक्याला सांगतात. वनपाल काका, सुधारित ठराव जुन्याच फाईलला जोडता येतो का, एवढं सांगा. जूनच्या आधी पाहिजे.

निवृत्त वनपाल:
अंतर आणि जमीन तीच असेल तर पुरवणी म्हणून जोडायला सांगा. क्षेत्र बदललं तर मात्र मोजणी नव्यानं होईल. ठरावाची प्रत आवक क्रमांक घेऊनच द्या, नुसती टेबलावर ठेवून येऊ नका.

पोकलेनवाला पाटील:
ताई, वाट कुठली ते कळवा. फरशीचं खोदकाम मी बारक्या बकेटनं करून देतो, डिझेलच्या पैशात. काकांनी मात्र सोबत उभं राहून खुणा करून द्यायच्या. वरनं गाडीत बसून न्हाई.

मोरीवाले काका:
येतो. चुना आणि दोरी माझ्याकडं आहे. पण पायथ्याला बकेट लावलीत तर तिथंच काम थांबवीन.