मदत हवी आहे: शिवडी जेट्टीवर शाळेची मुलं न्यायची आहेत, परवानगी कुणाची?

आठवीच्या पस्तीसेक मुलांना जानेवारीत पूर्व किनारा दाखवायचा विचार आहे. परळ-लालबागची ही मुलं. समुद्र म्हटलं की त्यांना चौपाटी आठवते. घरामागच्या बंदराकडे मात्र कुंपणाची भिंत आणि ट्रकच्या रांगाच दिसतात. म्हणून शिवडीचा किल्ला, मग जेट्टीवरून फ्लेमिंगो आणि अटल सेतू, शेवटी भाऊचा धक्का असं ठरवलंय.

किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या लाँच सुटतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. अडलंय ते जेट्टीपाशी. पाहणीला एकटी गेले तेव्हा वाटेतल्या फाटकावर रखवालदाराने सांगितलं, "एकट्या असाल तर जा, ग्रुपला पत्र लागेल." कुणाचं पत्र, ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन कार्यालयांत फोन केला, दोघांनीही दुसरीकडे बोट दाखवलं. जमीन बंदर प्राधिकरणाची आहे एवढं ठाऊक आहे; पत्र नेमकं कोणत्या विभागाला, ते कळत नाही.

शाळेचं लेटरहेड आणि पालकांची संमतीपत्रं तयार आहेत. ड्रोन वगैरे नाही, फक्त मोबाइल आणि दुर्बीण. भरतीच्या आगेमागे पक्षी काठाजवळ येतात, म्हणून वेळ भरतीचं वेळापत्रक पाहून ठरवू. एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, त्यामुळे बस जितकी जवळ जाईल तितकं बरं.

गेल्या वर्षभरात कुणी गट घेऊन गेलं असेल तर सांगा: अर्ज कुणाच्या नावे केलात, किती दिवस आधी, आणि बस जेट्टीपर्यंत सोडली का?