दम्मामहून येणारे पैसे निम्म्यावर आले, घर कसं चालवायचं?

खेडची सून
हे सात वर्षं सौदीत दम्मामला वेल्डर आहेत. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून ४० हजारांच्या जागी १८-२० हजार येतात, तेही रखडत. घरकर्जाचा हप्ता ११ हजार, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं वेगळी. आंब्याची ३० कलमं आहेत, पण फवारणीला पैसे नाहीत. बाग कराराने द्यावी की पाटल्या गहाण ठेवाव्यात? बारावीतल्या मुलीला फार्मसी करायचीय. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे तर राजीनामा देऊन परत येतो म्हणतात.

दापोलीकर
वहिनी, राजीनाम्याचं आधी थांबवा. मी जुबैलला होतो, हा हिशोब जवळून बघितलाय. सौदी कायद्याने नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांचा दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे वर्षाला एका महिन्याचा पगार मिळतो. सात वर्षांचे साडेचार पगार झाले. स्वतःहून सोडलं, तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला त्यातले दोन तृतीयांशच, म्हणजे तीन. पगार थकत असेल तर तिथल्या कामगार खात्यात तक्रार करायची, शिवाय आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. करारपत्र, इकामा (तिथला राहण्याचा परवाना), पगाराचे बँक उतारे यांचे फोटो आजच मागवून घ्या. माझ्या खोलीतल्या एकाचे सगळे कागद कंपनीकडे अडकले, बिचाऱ्याला काही सिद्धच करता आलं नाही.

आणि यायचंच ठरलं, तर आधी लोट्याच्या एमआयडीसीत वेल्डरच्या कामाची चौकशी करून मग यावं.

राजापूरची बागवाली
ताई, बाग देऊ नका! करारवाले एका हंगामाच्या फळासाठी बेसुमार कल्टार (मोहोर आणायचं औषध) ओततात, झाडं खंगतात. सातबारा घेऊन विकास सोसायटीत किंवा जिल्हा बँकेत पीककर्जाचं विचारा. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. फवारणी त्यातून करा, पाटल्या कपाटातच राहू द्या. घरकर्जाचा हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. एकदा थकला की तेच लोक वेगळ्या सुरात बोलतात.

चिपळूणचे मास्तर
मुलीला नाही म्हणू नका, कळकळीने सांगतो. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून हवा, संस्थेच्या कोट्यातून नको. सीईटीचा अर्ज चुकवू नका. तहसीलचे दाखले आत्तापासून काढा, जूनमध्ये सेतूत रांगा लागतात. वसतिगृहाचा खर्च मात्र वेगळा धरा.

खेडची सून
मास्तर, आम्ही ओबीसीत आहोत. मुलीला वाचून दाखवलं, ती दाखल्यांची यादी करायला बसली. ह्यांच्याशीही बोलले, राजीनामा थांबलाय. पण ‘सगळे पैसे मिळाले’ अशा कागदावर कंपनी आधीच सही मागतेय म्हणतात.

दापोलीकर
पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही अजिबात करू नये. कागद अरबीत असेल तर जाणत्याकडून वाचून घ्यावा आणि फोटो तुमच्याकडे पाठवावा.