पहिली सिगारेट कुणी हातात दिली?

भाचा 19 वर्षांचा. परवा त्याच्या जर्किनच्या खिशात लायटर सापडला आणि ताई माझ्यावरच घसरली, "मावशीच्या वळणावर गेलाय." खोटं कसं म्हणू? 22 व्या वर्षी सुरू केली, 31 व्या वर्षी सोडली. म्हणून विचारते. पहिली कुणी दिली, कुठे उभे होतात आणि पुढे ती टिकली कशामुळे? तोटे पाकिटाच्या 85 टक्के जागेवर छापलेले आहेत, ते इथे नकोत.

चहाबाज
इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सबमिशनची रात्र. टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी धुमसत लोंबायची, तिच्यावर पेटवायची. चौघांत एक. पाकीट घ्यायची कुणाचीच ऐपत नव्हती, त्यामुळे एकेक सुटी सिगारेट मिळाली नसती तर माझं खातं उघडलंच नसतं. कॉलेजपासून 100 यार्डांत विक्री नको असा 2003 चा कायदा आहे. म्हणजे साधारण 91 मीटर. आमच्या सिव्हिलच्या पोरांनी सर्व्हेच्या टेपने अंतर मोजलं होतं: गेटपासून 38. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी विकायला बंदी आली, हे मला दोन वर्षांनी कळलं. सांगणारा टपरीवालाच. सुटी देता देता.

घाटावरची
माझी पहिली कुणी दिली नाही, मीच मागितली. आयटीत नवी होते. लीड आणि तिघंजण दिवसातून चारदा खाली जायचे, आणि वर येईपर्यंत कुणाला कुठलं काम, क्लायंटकडे ऑनसाईटला कोण, सगळं ठरलेलं असायचं. मी जागेवर बसून मेलची वाट बघायची. चार महिन्यांनी मीही खाली जायला लागले. आधी नुसता चहा. पण चहा तीन मिनिटांत संपतो आणि मग रिकाम्या हाताने उभं राहायचं म्हणजे पाहुणी असल्यासारखं वाटतं.

त्यातही बाईमाणसाची वेगळी तऱ्हा. मी पेटवली की टपरीवाले काका म्हणायचे, "ताई, जरा आतल्या बाजूला उभ्या राहा." कुणी बघायच्या आत संपवायची म्हणून भराभर, खोल झुरके घ्यायची सवय लागली. लपवण्याने माझी कमी झाली नाही, उलट वाढलीच. घरी परतताना वेलदोडा, हँडवॉश, ओढणी बदलणं. आईला सगळं माहीत होतं, हे तिने माझ्या लग्नानंतर सांगितलं.

नुसताच वाचक
बाबांसाठी दुकानातून आणायचो. वय वर्षं 9. उरलेल्या सुट्ट्या पैशांची लिमलेटची गोळी माझी.

वऱ्हाडी ठसका
आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, चालतो, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. 2016-17 च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, आणि तोंडात तंबाखू ठेवणारे 24.4. सिगारेट मी पुण्यात शिकलो, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. अभ्यासिकेत दहा तास बसल्यावर खुर्चीवरून उठायला काहीतरी निमित्त लागतं. नापास झालो त्या दिवशी दोन ओढल्या. परीक्षा पुढे ढकलली त्या दिवशी सात. रिकाम्या तारखेचं काय करायचं तेच कळेना. गावी गेलो की पुन्हा खर्रा. तिथे सिगारेट दिसली तर वडील म्हणतील, पोरगं बिघडलं. आणि खर्रा ते स्वतःच देतात.

घाटावरची
सोडली कशी, हे राहिलंच. घरून काम सुरू झालं आणि खाली जायचं कारणच उरलं नाही. पहिले पंधरा दिवस 2 मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगगम, आणि दोनदा पाकिटावरच्या तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला फोन. ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा टीम बदलून घेतली. तेवढं केलं नसतं तर मी परत त्याच टपरीवर असते.

धागाकर्ती
भाच्याला धागा वाचायला दिला. शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, "मावशी, लायटर मित्राचा आहे." मीही तेव्हा हेच म्हटलं होतं. मग विचारतो, "ती 38 मीटरवाली टपरी अजून आहे का?"

चहाबाज
आहे. दोरी गेली, क्यूआर कोड आलाय.