वूकॉमर्समध्ये ऑर्डर सेव्ह होताना नेमकं काय बदललं ते कसं पकडायचं?

हळदवाला_समुद्रपूर
राम राम मंडळी. आमचा गट वायगाव हळद वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं ऑनलाइन दुकानाचं प्लगिन) विकते. ऑर्डर आली का लेबल छापून पॅकिंगले जाते, पण मधातच गिऱ्हाइकाचा फोन येते का पत्ता बदला, नाहीतर एक पाकीट वाढवा, अन् ऑफिसातली ताई अॅडमिनमधून बदलून देते. पॅकिंगवाल्यायले माहीतच पडत नाही, पार्सल जुन्याच पिनकोडवर निघून जाते. मले पाहिजे का पत्ता, फोन नाहीतर नग बदलला तरच जुनं-नवीन दोन्ही ऑर्डर नोटमध्ये पडावं. 'वूकॉमर्स_आफ्टर_ऑर्डर_ऑब्जेक्ट_सेव्ह' हुकवर (ऑर्डर सेव्ह झाल्यावर आपला कोड चालवायची जागा) गेट_चेंजेस, म्हणजे काय बदललं ते देणारं फंक्शन, लावलं तर रिकामा अॅरे (यादी) येते, काहून?

आर्वीकर
भाऊ, तोवर उशीर झालेला असते. ऑब्जेक्टमध्ये डेटा अन् चेंजेस असे दोन अॅरे राह्यते, डेटाबेसमधून वाचलेलं डेटामध्ये अन् नंतर सेट केलेलं चेंजेसमध्ये. सेव्ह होताना अप्लाय_चेंजेस चालते, नवीन जुन्यात मिसळते अन् चेंजेस रिकामं होते. 'आफ्टर'च्या जागी 'बिफोर'वाला हुक घ्या, तिथं गेट_चेंजेस नवीन देते अन् गेट_डेटा अजून जुनंच देते. जुन्यासाठी गेट_शिपिंग_पोस्टकोड नका वापरू, ते चेंजेसमधलं पहिले पाह्यते. पिनकोड 'शिपिंग'च्या आतल्या अॅरेत सापडन. अन् त्या हुकात परत सेव्ह नका मारू, फिरतच राहीन. आपल्या खेड्यात पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागं', ती खूण वेगळ्या मेटा फील्डमध्ये (जादा माहितीच्या रकान्यात) ठेवली असन तर गेट_चेंजेसमध्ये येत नाही, मेटाचा हिशोब अलग आहे.

पुसद_पीएचपी
वरचं बरोबर आहे पण नग त्यात नाही सापडणार. ऑर्डरमधला हरेक माल स्वतःचा ऑब्जेक्ट आहे, त्याच्यासाठी 'वूकॉमर्स_बिफोर_ऑर्डर_आयटम_ऑब्जेक्ट_सेव्ह' लावा, तिथं चेंजेसमध्ये क्वांटिटी पाहा, गेट_ऑर्डर_आयडीनं ऑर्डर काढा अन् अॅड_ऑर्डर_नोट करा. दुसरा पॅरामीटर तसाच राहू द्या, 1 टाकला तर ते गिऱ्हाइकाची नोट होते अन् त्याले मेल जाते.
नेटवर पोस्ट मेटाच्या हुकवाले जुने तुकडे लई भेटतात, ते घेऊ नका. वूकॉमर्स 8.2 पासून, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, नवीन दुकानाच्या ऑर्डरी वर्डप्रेसच्या पोस्टच्या टेबलात न जाता वेगळ्या टेबलात जातात, तिथं ते हुक चालतच नाही.

हळदवाला_समुद्रपूर
हाव, 'बिफोर'वर जुना-नवा पिनकोड दोन्ही आले, लई उपकार झाले दादाहो! नगाचं रात्री लावतो. पण पॅकिंगवाले अॅडमिन उघडतच नाही, त्याहिले कसं कळवू?

आर्वीकर
लेबल छापलं का ऑर्डरच्या मेटात तशी खूण टाका. मग हुकात तपासा, खूण असन अन् शिपिंग बदललं असन तरच डब्ल्यूपी_मेलनं (वर्डप्रेसचं मेल पाठवायचं फंक्शन) पॅकिंगच्या मोबाइलवर मेल पाठवा. हरेक बदलाचा पाठवसान तर चार दिवसांनी कोणी पाहणार नाही.