बालवाडीतलं रडू कशानं थांबलं? अनुभव लिहा

धाकटी जूनमध्ये बालवाडीत जायला लागली. पंधरा दिवस फाटकाशी रडारड. सोळाव्या दिवशी माझं बोट सोडून सरळ आत. ताईंनी चपलांच्या कप्प्यावर तिच्यासाठी बेडकाचं चित्र चिकटवलं होतं. "माझा बेडूक वाट बघतोय," म्हणे! तुमच्याकडे काय झालं? शाळांची नावं नकोत, बाकी सगळं लिहा.

निवृत्त बालवाडी ताई, भांडुप
पत्र्याची खोली, तीस मुलं. पाण्याचा पिंप ओट्यावर, त्यामुळे दिवसभर "ताई, पाणी". एकदा वैतागून तो खाली पाटावर ठेवला, शेजारी ओघराळं आणि मुलांच्या हाताला येईल अशा खिळ्याला फडकं. आठवडाभर नुसता चिखल. मुख्य बाईंनी माझी हजेरी घेतली ती वेगळी! पण ज्याच्या तोंडून महिनाभर शब्द फुटला नव्हता, तो एक दिवस दुसऱ्याला पेला भरून देत म्हणाला, "हळू पी." त्याचं पहिलं वाक्य. किती ओघराळी म्हणजे एक पेला, हेही तिथेच मोजायला शिकले. पत्र्यावर पाऊस कोसळला की गोष्ट ऐकूच यायची नाही. मग आम्ही पावसाबरोबर टाळ्या वाजवायचो, हळू आणि जोरात.
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं येईनात, तेव्हा त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ती हीच. आमचं आपलं पिंपापुरतं!

एक बाबा, कांदिवली
आमची पहिली शाळा एकदम चकाचक. एसी, भिंतभर कार्टून, मोबाईलवर कॅमेरा. लेक रोज ओली चड्डी घेऊन घरी. घरी कधीच नाही. दोन आठवड्यांनी उलगडा झाला: तो "शू" म्हणायचा, आणि तिथे "वॉशरूम" म्हटल्याशिवाय कुणी उठत नसे. कॅमेऱ्यात तो शहाण्यासारखा बसलेला दिसायचा, आम्ही खूश! आता घराजवळच्या छोट्या बालवाडीत आहे. रंग उडालेत, पण मावशींना शू कळते.

आजी, लालबाग
नातू खिडकीशी बसून येणारेजाणारे टेम्पो मोजतो. बाई त्याला तिथून उठवत नाहीत. बाराच्या पुढे गाडी अडते, मग "खूप".

शिक्षिका, कुर्ला
ताई, पिंपाचं पटलं, पण चाळीस मुलांत एकटीनं ओली लादी कोण पुसणार? एक मूल घसरलं की पालक दारात. मदतनीस द्या, मग पिंप खाली ठेवते.

भांडुपच्या ताई
खरंय. माझ्याकडे मदतनीस होती, ते लिहायचं राहिलं. तुम्ही पिंपाऐवजी छोट्या कळशीपासून सुरू करा, अर्धीच भरा.

धागाकर्ती
बेडूक परवा दमटपणानं सुटून पडला. धाकटीनं उचलून दप्तरात घातला, घरी आणला. म्हणाली, "आज तो सुट्टीवर."