मदत हवी आहे : कुणालाही बसमध्ये बसून राहावं लागणार नाही अशा गोव्यातल्या सहली

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची. आमच्या भागातल्या एका लहान वाचनालयात दर रविवारी मुलांचा गट भरतो. मी आणि आणखी दोघं मिळून तो चालवतो. आठ ते तेरा वयाची सोळा मुलं आहेत. महिन्यातून एकदा त्यांना बाहेर न्यायचं, असं चार वर्षं चाललंय. समुद्र या मुलांच्या अंगवळणी पडलेला आहे, पण सत्तरी, सांगे, काणकोणचं रान बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून आम्ही मुद्दाम त्या बाजूला जातो.

आधी गेल्या ऑगस्टमधली गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का विचारतेय ते कळेल.

सत्तरीत एका व्हाळावर गेलो होतो. धबधबा वगैरे नाही, पोटरीभर पाणी आणि पलीकडे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. माझा सहकारी मुलांना घेऊन पलीकडे गेला. मी अलीकडे थांबले, कारण गटातल्या सहावीतल्या एका मुलीच्या उजव्या पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. ती एका कुबडीच्या आधाराने चालते. गोट्यांवरून पाण्यात उतरणं तिला जमत नाही. आम्ही दोघी झाडाच्या मुळावर बसलो होतो. लख्ख ऊन होतं, पावसाचा थेंब नव्हता. मी डबा उघडत होते. ती म्हणाली, "बाई, पाण्यात पानं यायला लागलीत." मी म्हटलं, येतात गं. ती म्हणाली, "मघाशी येत नव्हती. आणि खेकडा बसला होता तो दगड आता दिसत नाही."

तेव्हा मी वर पाहिलं. पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. पलीकडे मुलं परत यायला काठावर जमलेली, पहिला मुलगा पाय टाकायच्या बेतात होता. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "तिथंच थांबा, वर चढा." दहा मिनिटांत पाणी माझ्या कमरेइतकं झालं. वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला असणार. मुलं अडीच तास कुळागरातल्या एका आजींच्या पडवीत बसून होती, त्यांनी सगळ्यांना गरम पेज दिली. पाणी ओसरल्यावर सगळी सुखरूप आली. त्यानंतर पाच पालकांनी मुलांना सहलीला पाठवणं बंद केलं. त्यांना मी दोष देत नाही.

पण मला जे टोचतंय ते वेगळंच आहे. चार वर्षं ती मुलगी दर सहलीला आलीय आणि दर सहलीला कुठल्या तरी काठावर नाहीतर बसमध्ये माझ्याबरोबर बसून राहिलीय. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून मी कधी विचार केला नाही. त्या दिवशी तिच्यामुळे मुलं वाचली, तेव्हा कुठं माझे डोळे उघडले.

तर मला डिसेंबर ते फेब्रुवारीत एकेका दिवसाच्या तीन सहली ठरवायच्या आहेत : एक तळं, एक जंगल, एक डोंगर. अट एकच, सोळाच्या सोळा मुलं शेवटपर्यंत एकत्र. ती सपाटीवर मध्ये थांबत अर्धा किलोमीटर चालते. कठडा असेल तर दहा-पंधरा पायऱ्या चढते. ओल्या दगडावर अजिबात नाही. व्हीलचेअर तिला नको आहे. वीस सीटांची बस आहे, स्वच्छतागृह जवळ हवं.

मी काय काय बघितलं ते सांगते. मये तलाव दोनदा झाला, मुलांचं सगळं लक्ष पायडलच्या होड्यांवर असतं. बोंडला (गुरुवारी बंद) सगळ्यांनी शाळेबरोबर पाहिलंय. दूधसागरला कुळ्याहून जीप जाते, पण जीप सोडल्यावर दगडांतून चालावं लागतं. सावरी, मैनापी वगैरे धबधबे मी यादीतूनच काढलेत. मैनापीला २०२३ च्या जुलैत दोघं बुडाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य मनात आहे, पण फेरीबोटीचा उतार तिला जमेल का कळत नाही.

कृपा करून "तिला पुढच्या वेळी न्या" असं सुचवू नका.

सत्तरीकर

ताई, मुलं सुखरूप आली हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे व्हाळ असाच भरतो. पाण्याचा रंग बदलला, पानंकाटक्या वाहायला लागल्या, आवाज जड झाला की थांबायचं नाही, उंचावर जायचं. तुम्ही मुलांना पलीकडेच थांबवलं तेच बरोबर केलं. बहुतेक माणसं "अजून जाता येईल" म्हणून घाईने ओलांडतात आणि वाहून जातात.

दुसरी गोष्ट, हिवाळ्यात पाण्याची भीती नसते पण माकडतापाची असते. सत्तरीत २०१५ पासून तो आढळला आहे. काजूच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते मे, जास्त. रानातल्या गोचिडीच्या चावण्यातून होतो. त्यामुळे सत्तरीत यायचं तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या आणि निघण्याआधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात फोन करून कुठल्या गावात रुग्ण आहेत का ते विचारा. मुलांना पूर्ण बाह्या, लांब पँट, पँट मोज्यात खोचलेली. पाचोळ्यावर बसू द्यायचं नाही, बसायला ताडपत्री न्या. घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघायचं. तुमची मुलगी जास्त वेळ बसते, म्हणून तिच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं.

पाणथळ

तळ्यासाठी करमळी. कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच आहे, रस्त्यावरूनच सगळं तळं दिसतं. चालायचा प्रश्नच नाही. हिवाळ्यात अडई आणि तलवार बदकं येतात, जांभळ्या पाणकोंबड्या असतात, कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतो. सकाळी सातच्या आत पोचा, नऊनंतर ऊन आणि रहदारी दोन्ही वाढतं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुर्बिणी सोळा नकोत, चार पुरे, पण एक तिपाईवरची मिळवाच. तिपाई तिच्या उंचीला लावा आणि बाकीच्यांना वाकू दे.

कुडचड्याचं नंदा तळंही विचारात घ्या. ४२ हेक्टरचं हे तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. साठवलेल्या पाण्यावर खाली भातशेती होते. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला बोलतं केलंत तर पक्ष्यांइतकंच त्याचं ऐकण्यासारखं असेल.

दोन कुबड्या

मी स्वतः पस्तीस वर्षं कुबड्यांवर चालतोय, म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही पायऱ्या मोजल्यात, अंतर मोजलंत, पण तिला कुठं जायचंय ते विचारलंत का? धाग्यात कुठं दिसलं नाही. रागावू नका. माझ्या लहानपणी सगळे माझ्यासाठी "सोयीची" जागा ठरवायचे आणि मी दर वेळी कुठल्या तरी बागेत बसलेलो असायचो.

आता फेरीचं. रायबंदरहून चोडण मी अनेकदा केलंय. धक्क्याचा उतार ओहोटीला लांब होतो आणि खालचा भाग पाण्याखालून नुकताच वर आलेला असतो, त्यावर हिरवं शेवाळ असतं. कुबडीचं रबर तिथं हमखास सरकतं. भरतीला तोच उतार आखूड आणि कोरडा असतो. खारफुटीतली होडीही भरतीलाच चालते. म्हणजे दोन्ही कामांना भरतीची वेळ पाहूनच जा. वाहनं चढण्याआधी तिला चढवायला सांगा, फेरीवरची माणसं ऐकतात. अभयारण्याचं फाटक पलीकडच्या धक्क्याजवळच आहे. चिखलातले निवटे मासे बघायचे असतील तर मात्र ओहोटी लागते. सगळं एका दिवसात मिळत नाही.

आणि निघण्याआधी कुबडीचं रबर नवं घाला. गुळगुळीत झालेलं रबर कोरड्या फरशीवरही दगा देतं.

सांगेचा

जंगलासाठी दोन पर्याय देतो. काणकोणचं खोतीगाव, ८६ चौ. कि.मी., उंचच उंच झाडांचं रान. फाटकावर माहिती केंद्र आहे, आतल्या रस्त्याने गाडी नेता येते. मचाणाला शिडी आहे, तिचा नाद सोडा. त्याऐवजी रस्त्याकडेचा ऐन शोधा, आपण ज्याला मट्टी म्हणतो तो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकडीची असते. मुलांना डोळे मिटून हात लावायला सांगा, पुन्हा तो कधी विसरणार नाहीत.

दुसरा पर्याय नेत्रावळी. तिथं गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे. स्वच्छ पाणी, आणि तळातून एकसारखे बुडबुडे वर येत राहतात, कधी एकेक, कधी माळेसारखे. काठावर बसूनच बघायची गोष्ट आहे, त्यामुळे कुणी मागं राहायचा प्रश्न नाही. देवस्थान आहे, पाण्यात पाय घालायचे नाहीत हे मुलांना आधी सांगा. वाटेत साळावली धरण आहे. सांडव्यातून गोल कोसळणारं पाणी पावसाळ्यात धरण भरल्यावरच दिसतं, हिवाळ्यात त्या आशेने नेऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन कुबड्या, तुमचं बोलणं लागलं आणि ते खरं आहे. मी तिला विचारलं नव्हतं. काल विचारलं.

तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "डोंगर. वरून खाली बघायचंय." तिच्या वहीत तिनं रस्त्याच्या कडेला राहून काढलेल्या डोंगरांची चित्रं आहेत, सगळी खालून पाहिलेली. आता मला वरून खाली बघता येईल अशी जागा सांगा. चंद्रनाथाचा डोंगर मनात आला होता, पण रस्ता संपल्यावर वर पायऱ्या बऱ्याच आहेत असं कळलं.

सत्तरीकर

सुर्ला गाव. केरीहून चोर्ला घाटाने वर चढलात की फाटा लागतो. गाव घाटमाथ्यावरच आहे, बस वरपर्यंत जाते. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की म्हादईचं सगळं रान पायाखाली पसरलेलं दिसतं. पायथ्यापासून चढायचं काहीच नाही.

एक घोळ टाळा. चालकाला नुसतं "सुर्ला" सांगाल तर तो मोलेच्या बाजूला तांबडी सुर्ल्याला, महादेवाच्या देवळाला नेईल. ती जागाही सुंदर आहे, कदंब काळातलं काळ्या दगडाचं देऊळ आणि शेजारून नदी, पण तो धारबांदोडा तालुका आणि ते देऊळ डोंगराच्या तळाशी आहे. तुम्हाला सत्तरीतलं सुर्ला हवंय.

घाटात मुलांना उलट्या होतात, सकाळी पोटभर खायला घालू नका. धुकं असेल तर दहापर्यंत वाट बघा, मग दरी मोकळी होते. कड्याला सगळीकडे कठडा नाही, त्यामुळे पळापळ करणाऱ्यांना आधी आवरा. तुमच्या मुलीपेक्षा बाकीच्या पंधरांचीच काळजी मला जास्त वाटतेय.

दोन कुबड्या

घडीची खुर्ची न्या, हात टेकता येतील अशी. कड्यापासून दहा फूट आत लावा. चित्र काढायला तिला तासभर लागेल, तेवढा वेळ सगळ्यांना तिथंच थांबवा. बाकीच्यांनाही वही-पेन्सिल द्या.

धागाकर्ती

ठरलं. डिसेंबरचा पहिला रविवार सुर्ला, जानेवारीत करमळी, फेब्रुवारीत नेत्रावळी. चोडण भरतीची वेळ जुळेल तेव्हा. पाचांपैकी दोन पालकांनी हा धागा वाचून मुलांना पाठवतो म्हणून सांगितलंय. त्यातले एक वडील स्वतःही येणार आहेत, कड्याच्या बाजूला उभे राहायला.

आता एवढंच हवंय : केरीत रविवारी वीस जणांना साधं वरण-भात-भाजी करून देईल असं कुणी आहे का? आणि घाटाचा रस्ता सध्या कसा आहे? कुणी या आठवड्यात वर गेलं असेल तर जरूर लिहा.